कुठं वाजते ते सांग

खंडेरावच्या आवारात जीप शिरली तेव्हा ओट्यावर बसलेल्या दोघांनी कानांवर हात ठेवले. एकनाथला वाटलं, ऊन लागतंय म्हणून डोकी झाकतायत. त्यानं जीप चिंचेखाली लावली आणि मागचा फाळका खाली सोडला. खाणीवरच्या बायका धुळीनं पांढऱ्या झालेल्या, एकेक करून उतरल्या. उतरताना मंगळीनं दात आवळून तोंड वेडावाकडं केलं. बाकीच्या हसल्या. एकनाथही हसला. हसण्यासारखं काय झालं ते त्याला माहीत नव्हतं, पण लोक हसले की हसायचं, ही सवय त्याला जुनी होती.

खंडेराव ओट्यावरून खाली आला. हा दगडखाणीचा कंत्राटदार, मूळचा घाटावरचा. तारापूरच्या बाजूला मोठं बांधकाम निघालं, बोईसरला चहूकडून माणसं येऊन पडली, आणि खंडेरावच्या खडीला मागणी आली. जीप त्यानं लष्कराच्या लिलावात घेतली होती. लढाईच्या वेळची, पत्रा दहा ठिकाणी ठोकलेला, पण चारी चाकांना जोर देऊन खाणीचा चढ चढणारी दुसरी गाडी आसपास कुणाकडे नव्हती.

"किती दिवस हे असं वाजत ठेवणार आहेस?" खंडेराव म्हणाला.

एकनाथनं त्याच्या ओठांकडे पाहिलं. "काय, शेठ?"

"काय शेठ? अरे, डुक्कर कापल्यासारखी किंचाळते गाडी! उमरोळीपासून ऐकू येते. तुला येत नाही?"

"येते ना, शेठ," एकनाथ म्हणाला.

"सोमवारी तिकडचे साहेब खाण बघायला येणार. या असल्या गाडीतून नेऊ त्यांना? उद्या रविवार आहे. गाडी घरी ने आणि आवाज बंद करून आण. नाहीतर सोमवारपासून चिंतू चालवील. तो केव्हाचा मागे लागलाय."

चिंतू तिथंच बिडी ओढत उभा होता. त्यानं जमिनीकडे पाहिलं, पण पाहता पाहता जीपभोवती एक चक्कर मारली आणि टायरला पायानं ठोकर दिली.

एकनाथनं घरी जायच्या आधी बॉनेट उघडलं. पंख्याचा पट्टा दाबून पाहिला, साबणाची वडी आणून पट्ट्यावर फिरवली. चिंतू पाठीमागून काहीतरी बोलत होता. एकनाथनं मान हलवली. मग वळून पाहिलं तर चिंतू निघूनही गेला होता.

एकनाथ दातिवऱ्याचा. त्याचे कान लहानपणापासून वाहायचे. आई तेल कढवून घालायची, थोडे दिवस बरं वाटायचं, पुन्हा पू यायचा. मोठा झाल्यावर वाहायचे थांबले, पण बारीक आवाज आधी गेले. पाखरं गेली. पोरांची रडणी गेली. मग माणसांचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं झालं. ऐन वादळाच्या तोंडावर एकदा बोटीवर चुलतभाऊ कमलाकांत ओरडला, "दोर सोड!" एकनाथची पाठ होती. त्यानं दोर ओढून धरला. दोराचा फेर कमलाकांतच्या हाताला बसला आणि बोटं चुरून गेली. कुणी एकनाथला मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. पुढच्या वेळी बोट पाण्यात ढकलली तेव्हा त्याला हाक मारली नाही, एवढंच.

तो बायको आणि आईला घेऊन उमरोळीला आला. पालघरला एका ट्रकवर क्लीनर राहिला, तिथं गाडीवर हात बसला. गाडीला कान लागत नाहीत असं त्याला वाटायचं. स्टेअरिंग हाताला सांगतं, क्लच पायाला सांगतो, इंजिन बुडाखाली थरथरतं. इतकं सगळं अंगाला कळत असताना कान कशाला हवेत?

घरी पोचला तेव्हा त्याची बायको जमना अंगणात सुके बोंबील निवडत बसली होती. ती पाड्यापाड्यांवर सुकी मासळी विकायची. जीप दिसायच्या आधीच ती उठून उभी राहिली होती.

"जमने," एकनाथ जवळ जाऊन म्हणाला, "गाडी वाजते?"

जमनानं त्याच्याकडे पाहिलं. "तुमाला नाय म्हायत?"

"कवापासून वाजते?"

"गणपतीपासून. मी म्हटलं, तुमी करताय कायतरी तिचं." ती थांबली. मग त्याच्या समोर येऊन, तोंड नीट दिसेल असं म्हणाली, "एकच कान गेलाय म्हटलं होतं तुमी."

 आत चुलीशी त्याची आई येसूबाई भात वाफवत होती. ती आतून काहीतरी म्हणाली. जमनानं तिकडं बघून हातानंच थांब म्हटलं.

"उद्या माज्याबरोबर गाडीत बस," एकनाथ म्हणाला. "कुठं वाजते ते सांग. बाकीचं मी करतो."

रविवारी ऊन वर यायच्या आत दोघं गावाबाहेरच्या पडीक रानात गेली. दोन्ही बाजूंना गवत माणसाच्या छातीपर्यंत वाढून पिवळं झालं होतं, कापणीला आलेलं. जमना जीपमध्ये पहिल्यांदाच पुढं बसत होती. तिनं पदर कमरेला खोचला आणि एका हातानं पत्रा घट्ट धरला.

एकनाथनं गाडी उभी ठेवूनच इंजिन चालू केलं, रेस दिली. जमनाकडे पाहिलं. तिनं मान हलवली: नाय.

"म्हंजे पट्टा नाय," एकनाथ म्हणाला. साबण फुकट गेला होता. "आता चालवतो. वाजल की माज्या खांद्यावर मार."

गाडी हलली. थोडं अंतर गेली आणि जमनाचा हात त्याच्या खांद्यावर पडला. मग पुन्हा. चाक जसं फिरेल तसा हात पडू लागला. त्यानं वेग वाढवला, हात भराभर पडू लागला. हळू केली, हातही हळू झाला. एकनाथनं क्लच दाबला, गाडी नुसतीच घरंगळू दिली. हात पडतच होता. म्हणजे इंजिनात काही नव्हतं, चाकांबरोबर फिरणारंच काहीतरी होतं. त्यानं ब्रेकवर हलकेच पाय ठेवला. हात तसाच. मग ब्रेकही नाही.

आपल्या गाडीचा आवाज तो कितीतरी दिवसांनी असा अंगावर घेत होता. खांदा दुखायला लागला तरी तो थांब म्हणाला नाही.

"पुढं का मागं?"

जमनानं डोळे मिटले. मग पायाखाली बोट दाखवलं. "हतं. पुढं. माज्या पायाखाली."

त्यानं पुढच्या चाकांना जोर देणारा छोटा दांडा ओढला. जमनाचा हात अडखळला, एकदोनदा पडला आणि थांबला. दांडा सोडला, हात पुन्हा सुरू.

एकनाथच्या तोंडावर घाम होता, पण तो हसत होता. त्यानं गाडी थांबवली, जॅक लावून पुढची चाकं उचलली, खाली दगड रचले. "तू खाली जा. मी चाक फिरवतो. त्या लांब दांड्याच्या दोन टोकांना कान लाव. कुठल्या टोकाला, ते बघ."

जमना लुगडं सावरून पाठीवर झोपली आणि सरकत गाडीखाली गेली. तेलाचे थेंब तिच्या गळ्यावर पडले. एकनाथ चाक हातानं फिरवत राहिला. थोड्या वेळानं तिचा हात बाहेर आला आणि तिनं त्याचा पाय ओढला. तो खाली वाकला.

"हतं चीं करते," ती म्हणाली. "आनि बगा, लाल पूड पडते."

त्या दांड्याच्या, म्हणजे पुढच्या शाफ्टच्या, टोकाला जो क्रॉस असतो, लोखंडाची छोटी चौकडी, त्याच्या एका वाटीतून गंजाची लाल पूड गळत होती. त्यातलं ग्रीस केव्हाच सुकलं होतं. एकनाथनं बोटावर पूड घेतली, जमनाला दाखवली, जसं काही सोनंच सापडलं. त्यानं पान्यानं बोल्ट सोडवून तो शाफ्टच उतरवला आणि गाडीत मागं टाकला. मग नुसत्या मागच्या चाकांवर गाडी हाकली. जमनाचा हात तिच्या मांडीवरच राहिला.

"गेला?"

"गेला!"

बोईसरच्या भंगारवाल्याकडे मोडलेली एक जीप पडून होती. भंगारवाला म्हणाला, "निकाल लो, लेकिन खुद निकालो. मेरे आदमी को टाइम नहीं है." एकनाथनं घण आणि छिन्नी घेऊन तिचा क्रॉस काढला. हाताची साल निघाली. बदल्यात जमनानं घरून आणलेले बोंबील दिले. भंगारवाल्यानं ते नाकाशी धरले, "अच्छा है," म्हणाला आणि ग्रीसची एक पुडीही दिली. तिथंच सावलीत बसून एकनाथनं क्रॉस बसवला, ग्रीस भरलं, शाफ्ट जागेवर चढवला. जमना पाने हातात देत होती. कुठला पाना हवा ते तिला एव्हाना कळू लागलं होतं.

दुपार कलल्यावर ती दोघं घरी निघाली.

वाटेत रेल्वे ओलांडावी लागे. तिथं फाटक नव्हतं, नुसते दोन रूळ, आणि वळणावर वाढलेलं गवत. रोज एकनाथ तिथं गाडी थांबवायचा, खाली उतरायचा आणि दोन्हीकडे बघून यायचा. मागच्या बायका म्हणायच्या, या भावाला हतंच लघवीला लागतं. तो तेही चालवून घ्यायचा.

आज तो जमनाच्या तोंडाकडे बघत होता.

"वाजते काय?"

"नाय."

"जराबी?"

"नाय हो! गप चालली हाय."

त्यानं वेग वाढवला. चढ आला. पुन्हा त्यानं तिच्याकडे पाहिलं. जमनाचं तोंड उघडलं होतं, ती काहीतरी मोठ्यानं बोलत होती. तिला आनंद झालाय असं वाटून तो म्हणाला, "म्हटलं नव्हतं, मी करतो म्हनून?"

जमनानं दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं आणि अंगाचा सगळा भार टाकून आपल्याकडे ओढलं.

जीप रस्ता सोडून गवतात घुसली, पुढचं चाक चरात गेलं, बॉनेट आपटलं. एकनाथची छाती स्टेअरिंगवर बसली. त्यानं मान वर केली तेव्हा त्याच्यासमोरून काळं इंजिन जात होतं, मग डबे, डब्यांमागून डबे. वाऱ्यानं गवत आडवं झालं. जमीन त्याच्या पायाखाली हादरत होती. एवढी मोठी गाडी, आणि त्याच्या कानांत नुसता लांबचा घूं आवाज, शंख कानाशी धरल्यासारखा.

शेवटचा डबा गेल्यावर तो जमनाकडे वळला. ती खाली पडली होती, उजवा हात पोटाशी धरून. मनगट वाकडं झालं होतं आणि बघता बघता सुजत होतं.

"शिट्टी मारली त्यानं?" एकनाथनं विचारलं.

 जमनानं मान डोलावली. मग डाव्या हातानं त्याची हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"केवढी मारली," ती म्हणाली. "लांबसून मारीत आला. मी वरडत होते."

एकनाथ तिथंच गवतात बसला. 

गावातल्या एकानं बांबूच्या कामट्या लावून जमनाचा हात बांधला. हाड मोडलं होतं. येसूबाईनं हळद लावली आणि सगळं ऐकून घेतल्यावर दार लोटून घेतलं.

"कोनाला सांगू नका," ती म्हणाली. लेकाशी बोलताना ती नेहमीच ओरडायची, आता जमनाकडे बघून हळू बोलली. "बोट गेली. आता ही गाडी गेली तर हा काय करल? पडून रहाल. मी बघितलाय त्याला तसा, त्या वेळी. भिंतीकडे तोंड करून."

एकनाथ दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होता. "काय म्हनते ती?"

"उद्या त्या गाडीत बाया बसतील," जमना त्याला म्हणाली. "लेकरं घेऊन."

"मी रोज उतरून बघतो. रोज! आज तुज्याकडं बघत होतो म्हनून झालं. उद्यापासून कोनाकडं बघनार नाय."

"आनि कोनी वरडली तर?"

"कोन कशाला वरडल?" तो चिडून म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "जमने, मला दुसरं काय येतं? तू सांग. काय येतं?"

 बांधलेला हात मांडीवर ठेवून जमना बसून राहिली. तिनं त्याला जाऊ नको म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्याला भांडता आलं असतं.

सोमवारी सकाळी एकनाथनं जीप धुतली. तिला लागलेला चरातला चिखल काढला. आवारात शिरताना त्यानं ओट्यावरच्या माणसांकडे बघितलं. कुणी कानावर हात ठेवला नाही. खंडेराव स्वतः पुढं बसला, आवारात दोन फेऱ्या मारायला लावल्या. खाली उतरून त्यानं एकनाथच्या पाठीवर थाप मारली.

"काय होतं रे?"

"पुढचा क्रॉस सुकलेला, शेठ."

"बघ! म्हटलं की होतं. साहेब अकराच्या पुढं येतील. तोवर बायकांची एक खेप टाकून ये."

चिंतू तोंड फिरवून उभा होता. एकनाथला वाटलं, कालचं सगळं मागं पडलं. आता फक्त नीट बघून चालवायचं.

बायका टोपल्या घेऊन आल्या, मागं चढू लागल्या. मंगळी पुढं आली, त्याच्या बाजूनं वाकून काहीतरी म्हणाली. ती पान खात होती, तोंड धड हलत नव्हतं. एकनाथ म्हणाला, "हो हो." आणि त्यानं क्लच सोडला.

मंगळीचा चेहरा बदलला. तिनं त्याच्या दंडाला धरलं. पत्र्यावर कुणीतरी जोरजोरात बडवत होतं. ते त्याच्या बुडाला कळलं, आणि त्यानं ब्रेक दाबला.

मंगळी म्हणाली होती, थांब, माजी सासू चढते हाय.

मागं ती सासू, सोमी म्हातारी, फाळक्याला हातांनी लोंबकळत होती. तिचे दोन्ही पाय दगडगोट्यांतून फरफटले होते. बायकांनी तिला खाली बसवलं. गुडघ्यांची कातडी गेली होती, रक्तात खडीची पूड मिसळली होती. म्हातारी रडत नव्हती. आपलंच काहीतरी चुकलं अशी नजर करून ती लुगडं गुडघ्यांवर ओढत होती.

खंडेराव ओट्यावरून ओरडला. एकनाथला तो दिसत होता, त्याचे ओठही दिसत होते. "ए म्हातारे! चढायला एवढा वेळ? गाडी तुझ्यासाठी थांबून राहणार का? झेपत नसेल तर येऊ नको उद्यापासून!"

म्हातारीनं हात जोडले.

एकनाथनं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.  "तिला बोलू नका, शेठ. माजी चूक हाय."

"बरं, असू दे. चल, निघ आता."

"मी नाय चालवनार."

"काय?"

एकनाथनं किल्ली पुढं केली. खंडेरावनं ती घेतली नाही. "डोकं फिरलं का तुझं? साहेब यायची वेळ झाली. काल गाडी दुरुस्त केलीस म्हणून भाव खातोस?"

सांगायला हवं होतं.  पण आवारात सगळे उभे होते, चिंतू, मंगळी, ओट्यावरची माणसं, आणि सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे होती. "मला नाय जमत, शेठ," एवढंच तो म्हणाला.

"माजलात तुम्ही लोक," खंडेराव म्हणाला. "पुन्हा या दारात यायचं नाही. चिंतू!"

चिंतू आला. किल्ली घेताना त्याला एकनाथच्या डोळ्यांत बघवेना. एकनाथ त्याला म्हणाला, "त्या क्रॉसला ग्रीस देत जा. आठवड्याला. आनि रुळावर उतरून बघ. उतरूनच." चिंतूनं काहीतरी विचारलं. एकनाथ तोवर वळला होता.

तो चालत घरी आला. रेल्वेपाशी थांबला, दोन्हीकडे बघितलं, पुन्हा बघितलं आणि पलीकडे गेला.

अंगणात जमना एका हातानं मासळीची पाटी डोक्यावर घ्यायची खटपट करत होती. पाटी भरलेली होती, ती अर्ध्यावर जाऊन कलायची आणि बोंबील खाली सांडायचे. ती वाकून पुन्हा भरायची. येसूबाईला तेवढं वजन उचलायचं बळ राहिलं नव्हतं. ती दारात बसून नुसती बघत होती. एकनाथला चालत आलेला बघून दोघी थांबल्या. 

त्यानं सांडलेले बोंबील गोळा केले, डोक्याला पंचा गुंडाळला आणि पाटी उचलून डोक्यावर ठेवली.

"ठेव खाली!" येसूबाई किंचाळली, एवढ्या जोरात की त्यालाही कळलं. "बाप्यानं पाटी घ्यावी? दातिवऱ्याला कळलं तर थुकतील तुज्यावर!"

"थुकू दे," एकनाथ म्हणाला. "चल, जमने."

पायवाटेनं गवतातून ती दोघं वर निघाली. जमना पुढं, हात गळ्यात बांधलेला, तो मागं. पाटीतला खारा चुरा घामाबरोबर त्याच्या मानेवरून पाठीत उतरत होता. मान आखडली. बायका हे ओझं रोज कसं वाहतात ते त्याला माहीत नव्हतं. वाटेत गवत कापणाऱ्या माणसांनी विळे थांबवले आणि त्याच्याकडे बघून हसले. या वेळी तो त्यांच्याबरोबर हसला नाही.

पाड्याच्या तोंडाशी पहिलंच घर ठमीचं होतं. जमनाचं नेहमीचं गिऱ्हाईक. जमना "बोंबील घ्या, बोंबील" अशी हाक देत पुढच्या घराकडे गेली, आणि एकनाथ ठमीच्या दारात पाटी उतरवून उकिडवा बसला. ठमी बाहेर आली, बाप्या बघून जरा बुजली, पदर तोंडावर घेतला आणि पदराआडूनच काहीतरी विचारलं.

एकनाथच्या जिभेवर "हो" आलं होतं.

त्यानं मान वर केली. "बाई," तो म्हणाला, "पदर काढ जरा, आनि मोठ्यानं बोल. मला ऐकू येत नाय."

ठमीनं पदर खाली घेतला. पुढं वाकली आणि पाड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात विचारलं, "खारट हायेत का?"

"हायेत," एकनाथ म्हणाला, आणि एक बोंबील उचलून तिच्या हातात दिला.